पुढल्या सालाचा ठिपका

माजं माहेर शहापूरकडं, तानशाच्या अंगाला, न सासर हितं मुरबाडच्या बाजूला, दोनी घरात समुद्र कुणी बगितलेला नाय पण दोनी घरांचं जेवण समुद्रावर, काय सांगू तुमाला ताई. सासू माजी मुरबाडच्या बाजारात सुकी मासळी इकायची, तिच्या मागं मी बसले, तीच जागा न तसंच गोणपाट. पावसाच्या आधी आमच्याकडं आगोट भरतात, म्हंजे चार महिन्यांचं मीठ, मिरची, कांदे सगळं घरात घेऊन ठेवायचं, न त्यात जवळा पायजेच, ती बारीक सुकी कोळंबी, लावणीच्या चिखलात भाकरीसंगं दुसरं काय असतं? वाडीवरच्या बाया डोक्यावर भात घेऊन उतरतात न भात देऊन जवळा नेतात, पैशाचं नाव नाय.

माल मी किनाऱ्यावरनं आणते, तिकडं कोळणी खळ्यावर वाळवतात. आदी ढीग असायचे, मग कमी कमी होत गेलं. कोळीण म्हणायची यंदा नाय गावला, पुढल्या साली गावंल.

माजी लेक सुवर्णा शिकली न समुद्राची मोजणी ठेवतात त्या हापिसात लागली. पाणी किती तापलं, त्यात जीव कुठले, बोटींना काय गावलं, आजापणजाच्या काळापासनं लिवलेलं हाय न ही ते काम्पुटरवर जुळवते. मी हसायची, आगो समुद्राला ताप आलाय काय? ती म्हणायची, आलाय आई. मग एकदा इचारलं, जवळा का गो कमी? तर म्हणली एका सालावरनं काय सांगता येत नाय, लई सालांचं बगायला लागतं. झालं, मी तेवढंच धरून बसले. माल कमी आला का बाजारात सगळ्यांना सांगायची, माजी लेक शिकलेली हाय, ती म्हणते एका सालाचं काय खरं नसतं. दर साली तेच सांगायची हो मी, दर साली.

यंदा वैशाखात किनाऱ्यावर पाऊस आला, जवळा खळ्यावर असताना. कोळणींनी गोळा करून परत वाळवला, मी हातात घेतला तर कोरडा लागला. घरी आणून सासूनं शिकवलं तसा गोणीत दाबून भरला, तोंड शिवलं न चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. दाबून भरला का वारं लागत नाय, वास टिकतो, ही आमची रीत. पण आतनं ओल होती. बाजाराच्या दिवशी शिवण उसवली तर आळ्या, सगळ्या गोणीत आळ्या. उकिरड्यावर ओतला न तिथंच बसून रडले.

न त्याच दिवशी हिरी आली. डोंगरावरच्या वाडीतली, माजी जुनी मैतरीण, उन्हातनं भात घेऊन चालत आलेली. मी काय देऊ तिला? ती म्हणली असूं दे गो, पुढल्या साली दे. तो भात परत तिच्या डोक्यावर चढवायला मीच हात लावला. जीव गेला असता तर बरं, असं झालं मला.

सुवर्णा घरी आली तशी मी तिला धरली, सांग आता. तिनं काम्पुटर उघडला, त्यावर ठिपके, एका सालाचा एक, जेवढा जवळा गावला तेवढा वर. म्हणली हा तुज्या लग्नाचा, हा मी जल्मले त्या सालाचा. ते उंच होते. मधी वरखाली, पण पुढं उतरणच. मी म्हणलं तूच बोललीस ना एका सालावरनं सांगता येत नाय? ती म्हणली नायच येत आई, म्हणून तर इतकी सालं लावली. पाणी तापतंय, जवळा घटतोय, वैशाखातला पाऊस पण त्याच्यातलाच. तिच्या पण डोळ्यांत पाणी. मी इचारलं, ह्याच्या पुढं कोरं का? म्हणली पुढलं साल मोजल्यावर लागंल.

आता त्याच जागेवर लसूण घेऊन बसते. कोण घेतं लसूण? ज्याच्या त्याच्या परड्यात हाय. भीती वाटते ताई, दुसरं काय येतच नाय मला.

सुवर्णाला म्हणलं मोज बाय, सोडू नको, तुजे डोळे शाबूत ऱ्हावोत. पण पुढल्या सालाचा ठिपका खाली लागला तर मला नंतर सांग. आदी वाडीवर जा न हिरीला सांग, ती भात डोक्यावर घ्यायच्या आत.