वळणावरची लाल छत्री

हौशी चालकांना शर्यतीचा ट्रॅक शिकवायचा दिवस होता. वळणावरचा झेंडेवाला मधल्या सुट्टीत चहाच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढे, त्याच्याकडे पाठ करून, हेल्मेट हातात घेतलेल्या नणंद-भावजय.

“वहिनी, उतारावरच्या वळणाला दर फेरीत तुम्ही वाळूत. घर बांधायला काढलंय का?”

“थट्टा पुरे, वन्सं. तुम्हाला ब्रेक वेळेवर कसा सुचतो ते सांगा.”

“अगदी सोपं आहे. डावीकडे लाल छत्री दिसली की ब्रेक दाबायचा.”

“पण तिथे तर पाट्या आहेत ना?”

“त्या वेगात पाट्या कोण वाचतंय? छत्री लांबून दिसते.”

“आणि छत्री हलली तर?”

“सकाळपासून तिथेच आहे. आमच्या दादासारखी, एकदा बसली की बसली.”

“तुमचा दादा चहाला तरी उठतो हो.”

“चला, भोंगा वाजला. चहा राहू दे. या फेरीत माझ्या मागेच या, आणि छत्रीवर नजर ठेवा.”

दोघी गाड्यांकडे पळाल्या. चहावाल्याने कप पुढे केला. झेंडेवाल्याने तो घेतलाच नाही. उन्हासाठी आणलेली लाल छत्री काखेत घट्ट धरून तो वळणाकडे धावत सुटला.