पारोसं तोंड

बसा मंडळी, पुढं सरकून बसा! आज आवाज बसलाय माझा. पस्तीस वर्षं कीर्तनात तेच तेच सांगतोय, आणि तुम्ही तेच तेच ऐकताय! दमलो आपण सगळेच. तरी एक विचारतो – स्वच्छ राहणं चांगलं की वाईट? चांगलं! सगळ्यांच्या माना हलल्या! बरं, मग ऐका.

भैरोबाच्या देवळात तुळाजी गुरव सनई वाजवायचा. बत्तीस वर्षं पहाटेच्या आरतीला त्याचीच सनई! पण एक खोड – पारोशा तोंडानं देवापुढं जायचं नाही. उठला की राखुंडी घ्यायची, बोट घ्यायचं, आणि दात घास, घास, घास! आमच्या घरी तांब्याचा हंडा कुणी एवढा घासत नाही हो! – हसू नका, आमची घरधनीण समोरच बसलीय.

झालं काय? हिरड्या मागं सरल्या! खालचे पुढचे दात मुळापर्यंत उघडे पडले, हलायला लागले. सनई ओठात धरली की ठणका! सूर फाटायला लागला. आता सनई गेली तर तुळाजीजवळ उरलं काय, सांगा!

गेला तालुक्याला, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं. बाई म्हणाल्या, "काका, गेलेली हिरडी परत वाढत नाही. टाळूचा पातळ तुकडा काढून तिथं शिवते. पण दीड महिना सनई बंद! आणि मी सांगेपर्यंत तिथं बोटसुद्धा लावायचं नाही."

"मग तोंड कसं धुवायचं, बाई?"

"औषधाचं पाणी तोंडात धरायचं, हळूच सोडायचं. बस्स."

शिवलं. चार दिवस गड्यानं बोट लावलं नाही. पाचव्या पहाटे देवळाची घंटा वाजली! सनई वाजवायची नव्हती, नुसतं दर्शन घ्यायचं होतं – पण पारोसं? हात गेला राखुंडीकडं! एकदाच, हळूच... आणि शिवलेला तुकडा बोटाबरोबर बाहेर! रक्तच रक्त!

बाई रागावल्या नाहीत. दमलेल्या माणसाला रागवायचंही त्राण नसतं हो. एवढंच म्हणाल्या, "टाळू भरून आली की दुसऱ्या बाजूचा तुकडा लावू. तोही गेला, तर हे दात काढावे लागतील, काका."

काही महिन्यांनी पुन्हा शिवलं. पुन्हा पाचवी पहाट, पुन्हा घंटा! तुळाजी अंथरुणात बसून रडतोय – "सरू, असा पारोसा कसा जाऊ गं?"

सरूबाई, त्याची बायको, म्हणाली, "अहो, तान्ह्या लेकराचं तोंड न धुता आपण पापा घेतोच की! देवालाच तुमची किळस येईल होय?"

गेला! तसाच गेला. खांबाला टेकून, तोंड मिटून बसला. डोळ्यांचं पाणी थांबेना. आणि मंडळी, या वेळी तुकडा हिरडीला धरला! आज सूर थोडा दबका आहे, पण वाजतोय.

आता तुमच्याकडं येतो. सुनेचं एक चुकलं – ते उकरून काढलं सात वेळा! पोराला बोलला नाहीत असा दिवस नाही. "भल्यासाठीच सांगतो" म्हणता ना? मीही म्हणायचो. माझा थोरला तीन वर्षं झाली घरी आला नाही.

घासून माणूस उजळत नाही, मंडळी. त्या तुकड्यासारखा सुटतो. जा घरी... आणि आज कुणाला काही बोलू नका.