काठोकाठ भरलेला प्याला

खीव्याजवळच्या आमच्या गावात, तंदूरपाशी रोटीच्या रांगेत माझ्यापुढं सनोबरआपा उभी होती. तेवढ्यात तिची शेजारीण जुल्हुमोर धावत आली.

"आपा, ऐकलंत का? खानाच्या मस्कऱ्यानं, त्या तुर्दीनं, भर पंगतीत खानाचा चहाचा प्याला काठोकाठ भरला!"

"काठोकाठ? पाहुण्याला कुणी असा चहा देतं का? म्हणजे 'ऊठ आता' म्हणायचं झालं की!"

"तेच तर! खान शिकारीला म्हणून आला आणि सगळे घोडेस्वार घेऊन महिनाभर माझ्या माहेरी तळ ठोकून बसला. शेवटचा मेंढासुद्धा कापून झाला. पण बोलणार कोण?"

"मग तुर्दीचं डोकं?"

"तलवार उपसली होती! खान ओरडला, 'मला घालवतोस?' तुर्दी म्हणतो, 'छे, सरकार! गावात आता चहाच उरलाय. तुमचं पोट दुसऱ्या कशानं भरू?'"

"अगं बाई! मग?"

"आधी लालबुंद झाला, मग इतका हसला की चहा दाढीवर सांडला. लगेच घोड्यांवर खोगिरं चढली!"

"सुटलं गं तुझं माहेर! आता गेला कुठं?"

"इकडंच येतोय, आपा!"

"आणि तुर्दी?"

"बरोबरच आहे."

"मग रोटी राहू दे! घरी पळ आणि मोठी किटली चढव!"