गोदाक्काची गादी

सावरून बसा, मंडळी! देवाच्या कथेत शिरण्याआधी मला एक विचारायचंय, आणि उत्तर तुम्हीच द्यायचं. हा साडेतीन हातांचा देह — त्याला सुख देणं, हे पाप आहे का हो?

सांगा की! पाप म्हणून माना डोलावताय? बरोबर आहे. इथं उभं राहून आम्ही कीर्तनकारच सांगत आलो — देह नाशिवंत, देहाचे लाड करू नका! पण लाड कुठं संपतात आणि काळजी कुठं सुरू होते, ते मात्र आम्ही सांगितलं नाही. आम्हालाच ठाऊक नव्हतं! मला ते एका बाईनं शिकवलं. ऐका.

कुरुंदवाडात गोदाक्का कासार राहते. वय अडुसष्ट. उभा जन्म बांगड्या भरण्यात गेला. नवरीचा हात असो, बाळंतिणीचा असो — असा दाबायची, असा वळवायची, की बांगडी चढलेली कळायचंसुद्धा नाही! नवरा रंगोबा. त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. एक शब्द, मग दम, मग दुसरा शब्द. त्याला उठवायचं, चौरंगावर बसवून अंघोळ घालायची, घास भरवायचा — सहा वर्षं सगळं गोदाक्का!

त्याच्या पलंगाला लागूनच खाली तिचं अंथरूण. अंथरूण कसलं — चटई, आणि वर विरलेली वाकळ. झोपायची डाव्या कुशीवर. रोज डाव्याच! का? तोंड त्याच्याकडं असावं, तो हलला तर दिसावं, म्हणून. आता कुशीवर निजणाऱ्याचा भार कुठं येतो, मंडळी? खांद्यावर आणि खुब्यावर. खाली फरशी, वर म्हातारं हाड! खांदा ठणकायचा, खुबा ठणकायचा. सकाळी भिंत धरून उठायची.

लेक मंदा यायची, म्हणायची, "आई, एक गादी घे गं."

"हे असे पडलेत, आणि मी गादीवर लोळू? देव काय म्हणंल?"

देव काही म्हणाला नव्हता हं! देवाच्या तोंडी वाक्य आपणच घालतो, आणि मग तेच ऐकून घाबरतो!

एके सकाळी काय झालं — रोजच्यासारखा तिनं डावा हात रंगोबाच्या काखेत घातला, त्याला उचललं, आणि खांद्यात अशी कळ आली, अशी कळ आली, की हातच सुटला! रंगोबा चौरंगाच्या कडेवर आपटला. कपाळ फुटलं. भळाभळा रक्त! शेजारी धावले, दवाखान्यात नेलं, चार टाके पडले.

गोदाक्का त्याच्या उशाशी रडत होती. "माझ्या हातनं पडलात ओ! माझ्याच हातनं!"

रंगोबानं तिच्याकडं पाहिलं. "तू..." दम घेतला. "नीट..." पुन्हा दम. "झोप."

तो एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना रंगोबाजवळ बसवून मायलेकी गादी बघायला निघाल्या.

दुकान दस्तगीर नदाफांचं. तीन पिढ्या कापूस पिंजणारं घर, आता तऱ्हेतऱ्हेच्या गाद्या ठेवतात. गोदाक्का दारातनंच म्हणाली, "चाचा, सगळ्यात कडक दाखवा. दुखण्याला कडकच चांगली म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदीच."

"समदी उताणी झोपत असतील! तुमी कशा झोपता?"

"कुशीवर."

"मग झोपून बघा."

"हितं? चारचौघांत?" तिनं पदर सावरला.

नदाफ म्हणाले, "अक्का, तुमी माप न बघता बांगडी भरता काय?"

हसू नका मंडळी, त्या वाक्यानं तिची लाज गेली! ती कडक गादीवर कलंडली. खांदा लगेच बोलला! मग नदाफांनी दुसरी दाखवली — खालून घट्ट, वरचा थर मऊ. म्हणाले, "खांदा न् खुबा थोडा आत गेला पायजे, पण कंबर लोंबायला नको. एकदम मऊ घेऊ नका, उठताना माणूस लागंल!" उशी दिली खांद्याइतकी उंच, दुसरी गुडघ्यांच्या मध्ये. मंदाला म्हणाले, "पोरी, मागनं बघ. मानेपासनं कमरेपर्यंत पाठ सरळ दिसती का?" दिसत होती.

"आता घाई नको, अक्का. पडून ऱ्हावा."

आणि मंडळी — गोदाक्काला झोप लागली! भर दुपारी, भर दुकानात! नदाफांनी मागचं पिंजायचं यंत्र बंद करायला लावलं. दारातल्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं. मंदा पायाशी बसून होती. आईच्या कपाळावरची आठी मिटलेली ती सहा वर्षांत पहिल्यांदा बघत होती.

तासानं गोदाक्का दचकून उठली. "अगंबाई! ह्यांचा चहा!" आणि एकदम रडायलाच लागली.

नदाफ घाबरले. "अक्का, दुखलं काय?"

"न्हाई ओ. मला वाटलं हुतं, अशी झोप माझ्यात आता उरलीच न्हाई."

गादी घरी आली. आणि आल्या आल्या ही बाई काय म्हणाली? "ह्यांच्या पलंगावर घाला!" खोड जाते का? पण रंगोबानं तोंड मिटून घेतलं. संध्याकाळी घास पुढं केला — मान फिरवली. पुन्हा केला — पुन्हा फिरवली. "गादी..." म्हणाला, "तुझी." शेवटी शेजारी बुटकी खाट मांडली, तिच्यावर गादी घातली, गोदाक्का कुशीवर आडवी झाली. मग मंदाच्या हातनं तो पोटभर जेवला.

गादी म्हणजे चमत्कार नव्हे हो! दुखणं सगळं गेलं नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तो केला. उचलायला सकाळी एक माणूस ठेवला. दोन महिन्यांनी डावा हात वर जाऊ लागला, ती स्वतःचा अंबाडा स्वतः बांधू लागली. रंगोबा त्यानंतर सव्वा वर्ष होता. पुन्हा एकदाही पडला नाही. गेला, तेव्हा त्याचं डोकं तिच्याच हातावर होतं.

मी भेटायला गेलो, तेव्हा म्हणाली, "महाराज, मला वाटायचं मी सेवा करतीय. त्यांच्या अंगाला दुखतंय, मग माझ्या का नको, म्हणून मी सोताला शिक्षा देत हुते. आणि फुटलं त्यांचं कपाळ."

देहाचे लाड करू नका म्हणून सांगणारा मी! मी खाली मान घातली.

तर मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. प्रत्येकाच्या घरी एक माणूस असं असतं, जे सगळ्यांची अंथरुणं घालतं आणि सगळ्यात शेवटी पाठ टेकतं. ते कुठं निजतं? कशावर निजतं? कोणत्या कुशीवर निजतं? ठाऊक आहे का? — खाली बघू नका! घरी जा, आणि देवापुढं हात जोडण्याआधी तोच हात एकदा त्या माणसाच्या अंथरुणावर दाबून बघा. हाताला फरशी लागली, आणि उद्याही तीच लागली — तर आजची कथा तुमच्यापर्यंत पोचली नाही.