ओल्या गिलाव्यावरची बटणे

मी, शिवणवाल्या काकू, वय ६१ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार तिसरा मजला, जिन्याला लागून पहिले घर. कागदोपत्री नाव वेगळे आहे, पण ते इमारतीत कुणाला ठाऊक नाही. गवंड्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिल्यावरून मला बोलावले, म्हणून समक्ष हजर राहून सांगते की,

त्या घरात मी व माझे पती असे दोघेच राहतो. हे घड्याळे दुरुस्त करायचे. सात वर्षांपूर्वी यांची दृष्टी गेली. पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत एकच सलग भिंत आहे. तिच्यावर मी कोटाची बटणे चिकटवली होती, न्हाणीघरापाशी दोन आणि बाहेरच्या दारापाशी तीन. हे उजवा हात भिंतीला लावून बटणे मोजत जात. कधी चुकले नाहीत. उलट वीज गेली की मलाच म्हणत, "चल, हात धर, तुला नेऊन पोचवतो."

मागच्या महिन्यात वरच्या घरातला नळ फुटून ती भिंत भिजली. गवंड्याने ती वाळू न देताच गिलावा चढवला. मी म्हटले, "अरे बाबा, चार दिवस थांब, कुठे गाडी पकडायचीय तुला?" तर म्हणाला, "काकू, तुम्ही काजं करा, भिंतीचं माझ्यावर सोडा." बटणे काढताना त्याने पलंगापाशी उभे राहून कागदावर लिहून घेतले, दोन, तीन. परत लावताना सुरुवात केली बाहेरच्या दारापासून, म्हणजे दोन तिथे आणि तीन न्हाणीघरापाशी. माणूस वाईट नाही, बटणे पुसूनबिसून लावली होती. मी ती मोजून पाहिली नाहीत. एवढी वर्षे बटणेच लावतेय, आणि नेमकी तीच पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेले. परत आले तेव्हा बाहेरचे दार सताड उघडे होते व हे घरात नव्हते. खालच्या वॉचमनने सांगितले की, हे कुंपणाच्या भिंतीला हात लावून चालले होते. "आजोबा, कुठे?" विचारल्यावर म्हणाले, "न्हाणीघरात. आज जरा लांब गेलंय." थट्टा समजून तो हसला. ती भिंत कालव्यापाशी संपते.

साहेबांनी मला एक रबरी चप्पल दाखवली. त्याबद्दल मला काही सांगायचे नाही.

चौथ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे गवंड्याची तक्रार केली. त्यांनी दोघांना समोर बसवून तडजोड केली की, गवंड्याने सगळा गिलावा खरवडून नव्याने करून द्यावा. त्या कागदावर माझी सही आहे, ती मी नाकारत नाही.

सहाव्या दिवशी मी बटणे उपटून पूर्वीसारखी लावली. सातव्या दिवशी सकाळी बाहेरच्या दारालगत, यांच्या हाताच्या उंचीवर, भिंतीवर ओल दिसली. चार बोटे व अंगठा. पुसली, तर जाईना. दुसऱ्या दिवशी वीतभर आत आणखी एक. तेव्हापासून रोज एक येते. आज अकरा झाल्या. गवंडी म्हणतो, कच्च्या गिलाव्याला ओल सुटणारच. सुटू दे की. पण हे सगळे पंजे डाव्या हाताचे आहेत. आमच्याकडे जाताना भिंत उजव्या हाताला असते, डाव्या हाताला येते ती परतताना.

काल सकाळी दहा वाजता गवंडी भिंत खरवडायला आला. मी त्याची थापी हिसकावून घेतली व त्याला बाहेर काढले, हे खरे आहे. मी त्याला मेल्या म्हटले, तेही खरे आहे. थापी माझ्या शिवणयंत्राच्या खणात आहे. ती मी इतक्यात देणार नाही.

माझी आता गवंड्याविरुद्ध काही तक्रार नाही. काम वाईट झाले तर झाले. आजचा पंजा न्हाणीघर ओलांडून पुढे आला आहे. पलंग तिथून तीन वितींवर आहे. मधेच भिंत खरवडली तर यांना आपण कुठवर आलो ते कसे कळणार? म्हणून तीन दिवस, फक्त तीन दिवस, त्या भिंतीला कुणी हात लावू नये एवढीच विनंती आहे.

हवालदारांनी लिहिलेले सगळे मला वाचून दाखवले. मी बोलले तसेच आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सही लवकर घ्या, मला घरी जायचे आहे. दार नुसते लोटून आले आहे.