बारका पेचकस

...नाही नाही, बारका पेचकस आहे हो, नाही कोण म्हणतंय, पण आधी बसा तर. गिऱ्हाईक उभ्या उभ्या परत गेलं की आमची बायको नलिनी म्हणते, तुम्ही दुकान चालवता की रेल्वेची खिडकी? आणि तुम्ही तर मराठी बोललात — इथं जवाहर चौकात दिवसभर ‘भैया, कितने का दिया’ ऐकून कान किटतात, त्यात कुणी ‘अहो’ म्हटलं की मी चहा मागवतोच. नागपूरचे ना? वाटलंच. आमचे वडीलही तिथलेच. छप्पन साली राजधानी नागपूरहून इकडे आली, तेव्हा सरकारी फायलींबरोबर आले. म्हणायचे, फायली परत गेल्या नाहीत म्हणून मीही राहिलो. मी विलास. शिक्षण? अकरावीत आपटलो, बाकीची विद्या ह्याच काउंटरवर — पंखा, मोटर, गिझर, सगळे मास्तर इथंच भेटले.

हां, तर पेचकस. घड्याळाच्या स्क्रूसाठी हवाय की चष्म्याच्या?... काय म्हणालात? परीक्षा घ्यायला? शहराबाहेरच्या त्या छोट्या युनिव्हर्सिटीत — इलेक्ट्रिकलचं शेवटचं वर्ष, उद्या? म्हणजे बाहेरचे परीक्षक ते तुम्हीच. असं. असं असं. आणि प्रत्येक प्रोजेक्टची पेटी उघडून आतलं बघणार, म्हणून पेचकस.

चहा घ्या, निवतोय.

नाही, मी म्हणतो, उघडायची कशाला? गेल्या साली आलेल्या साहेबांनी दिवा लागला की नाही एवढंच बघितलं, समोसा खाल्ला, संध्याकाळची गाडी पकडली — पोरं खूश, साहेबही खूश. तुम्हाला टॉर्च दाखवू का छान? टेस्टर? पेचकस तसा एकच उरलाय आणि त्याचं टोक... टोक बरं आहे म्हणा, खोटं कशाला बोलू.

तुम्हाला एक गंमत सांगतो. बरखेड्याला एक नरहरकाका होते, कारखान्यातून रिटायर झालेले. म्हणाले, विलास, अजिबात आवाज न करणारा पंखा दे. दिला. आठवड्यात हजर — अरे, झोपच येत नाही, माझा जुना खडखड्या आहे का अजून? तेव्हाच मी शिकलो की माणसाला आपलीच वस्तू हवी असते, मग ती कशी का असेना. शिकलो म्हणजे काय, वाटलं होतं शिकलो.

त्या वर्गात एकच मुलगी आहे. शर्वरी. आमचीच. बघा, आता सांगूनच टाकलं. सगळी पोरं कॉम्प्युटरच्या मागे पळाली, ही म्हणाली, मी इलेक्ट्रिकलच घेणार — बाबा, तुम्ही विकता, मी बनवीन. गोविंदपुऱ्यात कारखान्यासाठी शेड घेईन म्हणते, गेटवर माझं नाव असेल. तिथल्या लॅबमधली मोटर कापड पांघरून झोपलेली असते, कापड निघतं ते पाहुणे आले की. म्हणून ही इथं दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्याच मोटरवर काम करायची. तीन तारांतल्या एकीची वीज गेली की मोटर जळते ना — तुम्हाला काय सांगायचं म्हणा — तर जळायच्या आत मोटर बंद करणारी पेटी बनवली तिनं. स्वतः. रोज कॉलेजातून आली की बसायची, बोटांना चटके, जेवायचं भान नाही.

पण ती पेटी मोटर चालूच राहू देईना हो! चालू केली की मिनिटभरात बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. पोरगी रडकुंडीला आली. आता समजा — समजा हं — एखाद्या बापाला ते बघवलं नाही. पोरगी आईबरोबर बाजारात गेली, तेवढ्यात त्यानं दुकानाच्या शेल्फवरचं, तेच काम करणारं तयार यंत्र काढून तिच्या पेटीत तळाशी बसवलं. तिचं सर्किट तसंच वर, त्याचे दिवे लागताहेत, पण काम करतंय खालचं. तिनं येऊन बटण दाबलं. मोटर चालली, चालतच राहिली. बाबा, जमलं, म्हणून गळ्यात पडली माझ्या. आता त्या वेळी तोंड कसं उघडायचं? तुम्ही उघडलं असतं?

आणि खरी गोष्ट तर पुढंच आहे. पेटी गेली कॉलेजात, तिथं कुलुपात. आणि आज सकाळी दुकानातले दिवे मिणमिणले म्हणून लाइनमन आला, खांबावर चढला, वरून ओरडतो — “अंकल, आपका एक फेज तो हफ्तों से नखरे कर रहा है, जोड़ ही ढीला था!” म्हणजे तिची पेटी बरोबर होती हो! तिनातली एक तार खरंच जात होती, दर वेळी जात होती, आणि ती पेटी तेच सांगत होती. माझ्या दुकानातल्या त्या भारी यंत्राला ते कळलंच नाही, ही एकटी ओरडत होती — आणि मी काय केलं? तिचंच तोंड बंद केलं.

म्हणून म्हणतो साहेब, मार्क वाढवू नका, काही नको. फक्त तेवढी एक पेटी उघडू नका. परीक्षा होऊ दे, मग मी माझ्या तोंडानं सांगतो तिला. तुम्ही उघडलीत तर चारचौघांत ती चोर ठरेल, आणि तिला तर माहीतही नाही की... काय झालं? मागे काय बघताय?

शर्वरी. अगं, तू केव्हा आलीस? स्कूटीचा आवाज नाही आला. हे — हे नागपूरचे साहेब, जरा पेचकस... किती ऐकलंस?

थांब. आत काय शोधतेस? अगं तो पेचकस... अगं, त्यांना का देतेस?

काय म्हणालीस? तुझी पेटी सगळ्यात आधी उघडायची? खालचं यंत्र काढून टाकायचं, आणि मोटर नुसत्या तुझ्या सर्किटवर चालवायची?

बाळा, आणि नाही चालली तर —

...बरं. नाही बोलत.

घ्या साहेब, तिनं दिलाय तो घ्या, आणि निघा आता. दुकान बंद करतोय.