रोजची गोळी

लातूर नवा जिल्हा झाला, तरी दवाखान्यातली बाकं जुनीच. माझ्या शेजारी एक सासू नि सून बसल्या होत्या.

"आत्या, रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन दिलं ना मामंजीला?"

"दिलं की. छातीतली कळ बी थांबली. मग आता नाडी का मंद झाली? बीपी का पडलं?"

"सिस्टर म्हनल्या, त्या इंजेक्शननं उतरतंय थोडं."

"त्यानं उतरलं, का माझ्यानं?"

"तुमच्यानं कसं?"

"हळू बोल. त्यांची रोजची बीपीची गोळी माझ्या कनवटीला होती. सिस्टर तिकडं वळल्या अन् मी चहाच्या घोटासंगं दिली. ह्या दुष्काळात नळाला पानी कुठंय?"

"काईच द्यायचं न्हाई म्हनले होते की, आत्या!"

"औषध म्हंजे काई खायाला दिलं का गं?"

"उठा. डॉक्टरला सांगा."

"तुझा नवरा माझं तोंड बघनार न्हाई. चाकूरहून निघतानाच म्हनला, आई, तू मधी मधी करू नको."

आतलं दार उघडून सिस्टर बाहेर आल्या.

"पेशंटला कोणी काही दिलंय का? खरं सांगा, लवकर."

सासू पदराशी चाळा करीत राहिली.

"मी दिली, सिस्टर. रोजची बीपीची गोळी," सून उठून म्हणाली. "आत्याचा डोळा लागला होता."